दापोलीतले खाडीकाठचे घर : पाहणी, दुरुस्तीचा हिशोब आणि पावसानंतरचे खरेदीखत

हे प्रकरण २०२३ सालचे. घर दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात, गावठाणात. घेणारे ठाण्याचे निवृत्त जोडपे. बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, गृहस्थ बँकेत. विकणारे तीन भाऊ आणि एक बहीण. थोरल्यांना सगळे गाव तात्या म्हणते, ते गावातच राहतात, बाकीचे मुंबईला. मी घेणाऱ्यांच्या बाजूने पाहणी करणारा इंजिनिअर. माणसे ओळखू येतील असे तपशील गाळले आहेत.

मागणी ४२ लाखांची. पुढचा भाग चिरेबंदी आणि कौलारू, साधारण ११०० चौरस फूट: ओटी, माजघर, देवघर, दोन खोल्या, वर माळा. मागे १९९६ साली जोडलेला २६० चौरस फुटांचा स्लॅबचा भाग: स्वयंपाकघर, संडास, न्हाणीघर, डोक्यावर पाण्याची टाकी. एजंटाने दोन्ही मिळून १३६० चौरस फूट धरले होते आणि मागच्या भागाचे कौतुक जरा जास्तच चालवले होते. घेणाऱ्यांचीही समजूत तीच: जुन्या भागाची धास्ती, नव्याचा भरवसा. "वाळवी तेवढी नीट बघा, स्लॅबचं काही नाही," असे बाईंनी मला फोनवर सांगितले होते. ५१ हजारांचे टोकन देऊन झाले होते, लेखी मात्र काहीच नव्हते.

पाहणी एप्रिलमध्ये झाली. कोकणात घर पाहायला हा सगळ्यात फसवा काळ. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एप्रिलमध्ये त्यातले काहीच दिसत नाही. भिंती खडखडीत, माळा कोरडा, अंगणात आंब्याच्या पेट्या. म्हणून या दिवसांत ओल शोधायची नसते, ओल झाकल्याच्या खुणा शोधायच्या असतात. इथे ती खूण पहिल्या तासातच मिळाली. माजघरामागच्या खोलीला नुकताच डिस्टेंपर दिलेला होता. कोकणात घराला रंग लागतो तो गणपतीच्या आधी. मी विचारले तर तात्या म्हणाले, "शिमग्याला पालखी घरी येते, म्हणून हात फिरवला." उत्तर पटण्यासारखे होते. पण पालखी नाचते अंगणात, मान मिळतो ओटीवर. ओटीची भिंत तशीच जुनाट आणि रंग मात्र मागच्या अंधाऱ्या खोलीला, तोही कमरेपर्यंत! त्या भिंतीच्या पलीकडे संडास होता.

भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवला. सकाळी कागदाच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव जमलेले होते. दव खोलीकडच्या बाजूला असते तर दोष हवेतल्या दमटपणाला देता आला असता. आतल्या बाजूला म्हणजे पाणी भिंतीत आहे. चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि संधी मिळाली की सोडतोही. मातीच्या किंवा चुन्याच्या सांध्यांत बांधलेली जुनी भिंत त्यामुळेच तगते. या भिंतीला कधीतरी दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा झाला होता, त्यामुळे पाणी आतच कोंडले, वर चढत गेले आणि क्षार फुटून पोपडे पडू लागले. उपाय अवघड नव्हता: संडासाची गळकी नळी बदलायची, सिमेंटचा गिलावा काढायचा, भिंत एक उन्हाळा मोकळी ठेवून चुन्याचा गिलावा करायचा.

जुन्या भागाची बाकी तब्येत वयाच्या मानाने बरी निघाली. खांब सागवानी, वासे किंजळाचे आणि ऐनाचे. वाळवीच्या मातीच्या नळ्या माळ्यावर दोन ठिकाणी होत्या, पण लाकडात पेचकस खुपसला तर टोकापलीकडे गेला नाही. कोकणातल्या जुन्या घराचे लाकूड मरते ते उघड्यावर नाही, भिंतीत गेलेल्या टोकाशी. तिथे हवा नसते आणि चिऱ्यातली ओल सतत लागून राहते. मधल्या दोन तुळयांची टोके हातोडीने वाजवली तर आवाज बसका आला; चिरा थोडा मोकळा करून पाहिले तेव्हा लाकूड बोटाने उकरता येत होते. पडवीतून पाहणाऱ्याला हे कधीच दिसले नसते.

छपराची गोष्ट वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, त्याचा तडाखा दापोली-मंडणगडलाही बसला. या घराची निम्मी कौले तेव्हा उडाली. त्या दिवसांत कौल मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने लोक आणत होते. इथेही तसेच झाले. कौल उलटे करून पाहिले की कारखान्याचा छाप दिसतो; या छपरावर तीन वेगवेगळे छाप सापडले. मंगलोरी कौलाच्या खाचा एकमेकींत बसाव्या लागतात आणि रिपांचे, म्हणजे कौलाखालच्या लाकडी पट्ट्यांचे, अंतर एका मापाच्या कौलासाठी ठोकलेले असते. तीन कारखान्यांची कौले एका ओळीत बसतात, पण बिलगत नाहीत. वारा नसताना हे छप्पर गळणार नाही. आषाढात पाऊस आडवा येतो तेव्हा किती गळेल, हे एप्रिलमध्ये कुणीच सांगू शकत नव्हते. मी अहवालात तसेच लिहिले: "पावसाशिवाय निदान शक्य नाही." हे वाक्य पुढे फार कामाला आले.

आता मागचा, "नवा" भाग. स्वयंपाकघराच्या छतावर सळ्यांच्या रेषेत तपकिरी डाग होते, दोन जागी गिलाव्याची ठिगळे, आणि हातोडी फिरवली तर टाकीखालचा सगळा पट्टा पोकळ वाजत होता. सळीवरचे काँक्रीट मोजले तर कुठे १५, कुठे २० मिलिमीटर. किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी आयएस ४५६ हे मानक ४५ मिलिमीटर मागते. पण पातळ आवरण हा अर्धाच खुलासा होता. खरा प्रश्न वाळूतल्या मिठाचा, त्याने आतली सळी गंजते. त्या काळात खाडीची वाळू न धुता वापरल्याची उदाहरणे या पट्ट्यात मी पुष्कळ पाहिली आहेत. पण संशयावर कुणी पैसे सोडत नाही, म्हणून काँक्रीटची भुकटी काढून प्रयोगशाळेत पाठवायची ठरवली.

इथे पहिली अडचण आली. मुंबईचे मधले भाऊ फोनवर तडकले, "घर विकायला काढलंय, भोकं पाडून घ्यायला नाही." तोडगा बाईंनी काढला: भोके लगेच बुजवून द्यायची, खर्च घेणाऱ्यांचा, आणि अहवालाची एक प्रत विकणाऱ्यांना. शेवटची अट भावांना सौजन्य वाटली. तिचे वजन नंतर कळले.

भुकटी वेगवेगळ्या खोलीवरची घेतली. क्षार, म्हणजे मिठातले क्लोराइड, समुद्राच्या हवेतून आला असेल तर तो पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी होत जातो. इथे वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारखाच निघाला आणि मानकाच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे एका घनमीटर काँक्रीटमागे ०.६ किलोपेक्षा, बराच जास्त. म्हणजे तो बाहेरून आलेला नव्हता. बांधतानाच वाळूतून किंवा पाण्यातून घातला गेला होता. अशा स्लॅबची ठिगळदुरुस्ती करणे म्हणजे पैसे खाडीत टाकणे. एक जागा फोडून सळी साफ करून नवे मिश्रण भरले की तेवढी सळी सुरक्षित होते, पण तिच्या कडेची, जुन्या खारट काँक्रीटमधली सळी उलट लवकर गंजू लागते. दोन-तीन पावसाळ्यांत ठिगळाभोवती नवे कडे फुगते. माझा सल्ला एका ओळीचा होता: टाकी आजच रिकामी करा, स्लॅब उतरवा.

उतरवून पुन्हा तिथेच बांधता येईल का, हा प्रश्न घेणाऱ्यांच्या वकिलांचा. कागद काढले तेव्हा गुंता स्पष्ट झाला. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या, म्हणजे घरांच्या आकारणी नोंदीच्या, उताऱ्यावर फक्त कौलारू घर होते. मागच्या भागाची नोंद नाही, परवानगीचा कागद नाही. घर भरतीरेषेपासून चाळीस पावलांवर. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, बांधकाम १९९६ चे. नंतरच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांतही अशा ना-विकास पट्ट्यात दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीला मुभा आहे ती आधीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाला, तीही जोत्याचे क्षेत्रफळ न वाढवता. पुढच्या चिरेबंदी घराला ही मुभा लागू होते. मागच्याला नाही. एजंट म्हणाला, "घरपट्टी लावून घेऊ, ग्रामपंचायतीत माझी ओळख आहे." घरपट्टी भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, पण हे वाक्य कोकणात इतक्यांदा ऐकू येते की लोकांना तोच कायदा वाटू लागला आहे.

ज्या भागासाठी जास्त भाव मागितला जात होता तो धोकादायक होता, दुरुस्त होणारा नव्हता आणि पाडला तर पुन्हा उभा राहणारा नव्हता. त्याची किंमत शून्यही नव्हे. पाडण्याचा खर्च धरला तर ती उणे होती. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर जुन्या जोत्याच्या आत, मागच्या पडवीत घ्यावे लागणार होते.

माझा अंदाजी खर्च असा आला: स्लॅब उतरवून माल हलवणे १ लाख १० हजार; पडवीत नवे स्वयंपाकघर, संडास आणि न्हाणीघर ३ लाख ४० हजार; छपराची फेरमांडणी, रिपा आणि काही वासे २ लाख २० हजार; तुळयांची टोके ६० हजार; ओली भिंत ९० हजार; वाळवीचे औषध ३५ हजार; वायरिंग ८५ हजार. बेरीज ९ लाख ४० हजार.

बाईंचे यजमान म्हणाले, "मग साडेनऊ लाख कमी करा म्हणू." मी आणि वकील दोघांनीही नको म्हटले. जुन्या घराला नव्या फ्लॅटचे संरक्षण नसते. बिल्डरकडून घेतलेल्या घराला रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) ने ताब्यापासून ५ वर्षे दोषदुरुस्तीची हमी आहे. तात्या बिल्डर नव्हेत. इथे चालतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने सांगायला हवेत ते महत्त्वाचे दोष, जे त्याला ठाऊक आहेत, घेणाऱ्याला नाहीत आणि घेणाऱ्याने साधी काळजी घेऊनही त्याला सापडले नसते. तीन रंगांची कौले अंगणातून दिसतात. चिनी मातीचे फ्यूज ओटीवरच होते. हे दोष ४२ लाखांत आधीच धरलेले आहेत असे विकणारा म्हणणार, आणि त्याचे बरोबर आहे. आम्ही यादीचे तीन ढीग केले. उघड दिसणारे: छप्पर, वायरिंग, वाळवी, यावर एक रुपयाही मागायचा नाही. दडलेले: स्लॅब आणि त्यापायी आलेला पडवीचा खर्च, तुळयांची टोके, रंगाखालची भिंत, यांचे ६ लाख मागायचे. आणि तिसरा ढीग पावसाशिवाय न कळणारा. त्यावर आज भांडायचे नाही, त्याची वेगळी सोय करायची.

बैठक ओटीवरच झाली. मुंबईचे दोन्ही भाऊ आले होते, बहीण आणि मेहुणेही. तात्यांना अहवाल वाचून दाखवायला लागलो आणि दुसऱ्याच पानाला ते उठून उभे राहिले. "आजोबांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर आहे हे. तुम्ही त्याला रोग सांगताय, इंजिनिअरसाहेब?" असल्या वेळी आकडे पुढे रेटले की सौदा तिथेच संपतो. बाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "तात्या, आजोबांच्या घराला यांनी एक शब्द लावलेला नाही. खांब, वासे, जोतं, सगळं चांगलं लिहिलंय. दोष आहे तो मागच्या जोडकामाला." हे खरेच होते, आणि मी अहवालाचा क्रम बदलून पुन्हा वाचला: आधी जे टिकले ते, मग जे बिघडले ते. जोडकाम मधल्या भावाच्या देखरेखीत झाले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. तात्यांचा चेहरा मात्र निवळला.

मधल्या भावाने मग सगळ्यांना हवाहवासा वाटणारा प्रस्ताव मांडला: "किंमत तीच ठेवा, स्लॅब आम्ही दुरुस्त करून देतो." माझे याबद्दलचे मत पक्के आहे. विकून मोकळे व्हायचे असलेल्या माणसाकडून दुरुस्ती करून घेऊ नये. त्याला ती व्यवहाराच्या दिवसापर्यंत टिकायला हवी असते, घेणाऱ्याला वीस वर्षे. गावातला गवंडी मे महिन्यात मोकळा नसतो. असेल तो घाईने गिलावा मारून जाईल, आणि आज दिसणारे डागसुद्धा उद्या दिसणार नाहीत. शिवाय अनधिकृत भागावर पैसे ओतून तो अधिकृत होणार नव्हताच.

भाऊ म्हणाले, मग राहू द्या, गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. निसर्गानंतर आणि टाळेबंदीनंतर कोकणात घरे शोधणारे वाढले होते, त्यामुळे ही धमकी अगदीच पोकळ नव्हती. या ठिकाणी वकिलांनी एकच गोष्ट, आवाज न चढवता सांगितली: अहवालाची प्रत तुमच्याकडे आहे, म्हणजे स्लॅबचा दोष आता तुम्हाला ठाऊक आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला तो सांगावा लागेल. न सांगणे कायद्याने फसवणुकीत मोडते. मेहुणे महसूल खात्यातून निवृत्त झालेले होते, त्यांनी मान हलवली. त्यानंतर गिऱ्हाइकांचा विषय निघाला नाही. एजंटाने सगळ्यांसाठी कोकम सरबत मागवले.

६ लाखांवरून सव्वापाच लाखांवर तडजोड झाली. किंमत ठरली ३६ लाख ७५ हजार. ७५ हजार कुठे सोडले असे विचाराल तर तुळयांचे ६० आणि वर १५. बाईंनी ते तात्यांकडे पाहून सोडले. मला ते पटले नव्हते, पण पैसे त्यांचे.

तिसऱ्या ढिगाची सोय अशी केली. मे महिन्यात नोंदणीकृत साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, आणि खरेदीखत ऑक्टोबरअखेर. चौघांच्याही सह्या. बहिणीचे हक्कसोडपत्र घेण्यापेक्षा तिला विकणारी म्हणूनच उभे केले, ते जास्त स्वच्छ. मुद्रांक शुल्क साठेखतालाच भरले, ते पुढे खरेदीखतात वळते झाले. साठेखताने मालकी जात नाही, त्यामुळे पावसाळाभर घर विकणाऱ्यांचेच राहिले. याच कलम ५५ प्रमाणे तोवर शहाण्या मालकासारखी त्याची निगा राखणे त्यांचे काम, आणि झाड पडून छप्पर गेले तर ते नुकसानही त्यांचेच. साठेखताला एक परिशिष्ट जोडले. त्यात छपराचे चार भाग पाडून, गळती निघाली तर कोणत्या भागासाठी किती वजा करायचे ते आधीच लिहिले. एकूण कमाल दीड लाख. जोराच्या पावसात घेणाऱ्यांच्या इंजिनिअरला घर उघडून द्यायचे, हेही लिहिले. पुष्कळ ठिकाणी खरेदीखत उरकून थोडी रक्कम "पाऊस झाल्यावर देऊ" म्हणून राखतात. एकदा पूर्ण मोबदला पोचल्याचे खरेदीखतात लिहिले गेले की त्या राखलेल्या रकमेवरून दोन्ही बाजूंची तोंडे कडू होतात. खरेदीखतच पावसापलीकडे नेणे मला केव्हाही सरळ वाटते. यात विकणाऱ्याचा तोटा एवढाच की पैसे उशिरा मिळतात. म्हणून साठेखताला ४० टक्के रक्कम दिली.

विहिरीचेही एक कलम होते. एप्रिलमध्ये पाणी गोड लागत होते, पण शेजारच्या काकी म्हणाल्या, "वैशाख संपता संपता मचूळ होतं." मेअखेर पुन्हा नमुना दिला, क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या पुढे गेले. पिण्याच्या पाण्याच्या मानकात हीच इष्ट मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालते. घेणाऱ्यांनी तेवढ्या दिवसांसाठी पावसाच्या पाण्याची टाकी बांधायचे ठरवले आणि किमतीत तो विषय आणला नाही.

त्या वर्षी मोसमी पाऊस रत्नागिरीपर्यंत ११ जूनला पोचला आणि तिथे दोन आठवडे अडकला. जुलैत मात्र धो धो कोसळला. वाऱ्याचा पाऊस लागला तेव्हा मी घर पाहून घेतले, ते बरे झाले, कारण पुढे ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. ज्या तीन छापांच्या कौलांची धास्ती होती ती ओटीवरची बाजू फारशी गळत नव्हती. तिथे फक्त शिंतोडे येत होते. पाणी धारेने उतरत होते ते कौलारू छप्पर मागच्या स्लॅबच्या भिंतीला टेकते त्या सांध्यातून. तिथली पत्र्याची पन्हळ गंजून भोके पडली होती आणि त्या पाण्याने माजघरामागची भिंत वरूनही भिजत होती. म्हणजे खालची ओल संडासाची, वरची पन्हळीची. मागचा भाग पाडला की हा सांधाच उरणार नव्हता, तरी परिशिष्टातल्या दरांप्रमाणे दोन भागांचे मिळून ६५ हजार वजा झाले. मधल्या भावाने यावर हरकत घेतली, "पाडणारच आहात तर वजावट कसली?" मुद्दा बिनतोड होता. परंतु परिशिष्टात "गळती" लिहिले होते, "पुढे काय करणार" हे नव्हते. वाद तिथेच मिटला.

खरेदीखत ऑक्टोबरात दापोलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात झाले, ३६ लाख १० हजारांना. स्लॅब दिवाळीनंतर उतरवला. सळ्या हाताने मोडत होत्या. पडवीतले काम मार्चपर्यंत चालले आणि अंदाजापेक्षा ५० हजारांनी वाढले, कारण जोत्याखाली जुनी मोरी निघाली. तुळया बदलायला तात्यांनीच ओळखीचा सुतार आणून दिला. टोके कापून त्याने जुन्या ऐनाचेच तुकडे सांधले आणि भिंतीत हवा खेळायला जागा ठेवली. त्याची मजुरी ठरवताना तात्या घेणाऱ्यांच्या बाजूने घासाघीस करत होते.

एजंटाने त्यानंतर मला एकाही घराला बोलावलेले नाही. त्याच्या मते माझ्यामुळे त्याची दलाली बारा हजारांनी घटली.